नाटकासाठी वायरलेस माइक: कलाकाराच्या कपाळापासून मिक्सरपर्यंत

वायरलेस माइकचं बहुतेक काम तिसरी घंटा होण्याआधीच उरकलेलं असतं. पडदा उघडल्यावर साउंड ऑपरेटरच्या हातात फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) आणि थोडंफार इक्वलायझर (आवाजाचा पोत जुळवणारी बटणं), एवढंच उरतं. माइक चुकीच्या जागी लावला असेल, फ्रिक्वेन्सी घाईघाईत निवडल्या असतील किंवा पॅकमध्ये, म्हणजे कलाकाराच्या अंगावरच्या ट्रान्समीटरच्या डबीत, कालचेच सेल असतील, तर कितीही भारी मिक्सर आणा, ते भरून निघत नाही. म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ मी मेकअप रूममध्ये घालवणार आहे. माझ्या मते नाटकाचा आवाज तिथेच ठरतो.

आधी संहिता, मग सामान

भाड्याने किती चॅनल (माइक, त्याचा पॅक आणि त्याचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर असे संच) आणायचे, हा प्रश्न संहिता उघडल्याशिवाय सुटत नाही. एका कागदावर उभे रकाने प्रवेशांचे आणि आडव्या ओळी कलाकारांच्या आखा. कोणत्या प्रवेशात कोण बोलतं, कोण गातं, कोण नुसतं उभं असतं, ते भरत जा. यालाच माइक प्लॉट म्हणतात. पुढचे सगळे निर्णय याच कागदावरून घ्यायचे असतात, त्यामुळे तो दिग्दर्शकाच्या सहायकाला दाखवून पक्का करा. एका वेळी रंगमंचावर जास्तीत जास्त जितके बोलणारे असतील, तितके चॅनल लागतात, आणि वर किमान एक राखीव.

छोट्या भूमिकांमध्ये एकच पॅक आलटून पालटून वापरता येतो. पण ही अदलाबदल करायला विंगेत वेळ आणि माणूस दोन्ही हवं. कपडे बदलण्याच्या धांदलीत माइकही बदलायचा असेल, तर दोन-तीन मिनिटांच्या खाली जाऊ नका. मुख्य भूमिकेचा पॅक मात्र कधीही कोणाला देऊ नका.

आणि एक प्रश्न मनापासून विचारा: माइक हवेतच का? लहान सभागृह, तयारीचे आवाज आणि सोबत वाद्यवृंद नसेल, तर रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले, जमिनीवर सपाट बसणारे दोन-तीन बाउंडरी माइक पुरतात. प्रत्येक जादा चॅनलबरोबर दोन सेल, एक वायर, एक फ्रिक्वेन्सी आणि बिघाडाची एक शक्यता येते. सोळा चॅनल कसेबसे सांभाळण्यापेक्षा दहा नीट सांभाळलेले मला केव्हाही पसंत आहेत.

सामान निवडताना

नाटकात शक्यतो सर्व बाजूंनी सारखं ऐकणारा, म्हणजे ओम्नी कॅप्सूलचा माइक वापरतात. (कॅप्सूल म्हणजे माइकचा आवाज टिपणारा भाग.) एकाच दिशेने ऐकणारा माइक फीडबॅकला, म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून वाजणाऱ्या शिट्टीला, कमी दाद देतो हे खरं, पण तो जरा सरकला तरी आवाजाचा पोत बदलतो. नाचताना, धावताना माइक थोडा सरकणारच. ओम्नी ते सहन करतो, शिवाय श्वासाचे फटके आणि कपड्यांची घासही त्यात कमी येते. डीपीए ४०६०, ४०६१, सेन्हायझर एमकेई १, कंट्रीमन बी६ हे रंगभूमीवर वर्षानुवर्षं टिकलेले माइक. ४०६१ हा ४०६० पेक्षा कमी संवेदनशील आहे, त्यामुळे भरदार गाणाऱ्यासाठी तो बरा. माइक मागवताना टोकाचा कनेक्टर तुमच्या पॅकला बसतो का, ते आधी पाहा. प्रत्येक कंपनीचा जोड वेगळा असतो, आणि ऐन वेळी ही अडचण फार महागात पडते.

२.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या सिस्टीम स्वस्त असतात आणि त्यांना बहुतेक ठिकाणी वेगळा परवाना लागत नाही. पण तोच पट्टा वायफाय आणि ब्लूटूथचाही आहे. रिकाम्या सभागृहात तालमीला सुरळीत चाललेली सिस्टीम, खिशात मोबाइल घेऊन शेकडो प्रेक्षक आत आले की अडखळू लागते. दोन-तीन माइकपलीकडे जायचं असेल तर यूएचएफ (टीव्ही प्रक्षेपणाचा रेडिओ पट्टा) घ्या. यूएचएफमध्ये कुठला पट्टा मोकळा आणि कशाला परवाना लागतो, हे देशागणिक बदलतं. जुनं सामान विकत घेण्याआधी ही चौकशी कराच. अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झचा बराचसा पट्टा मोबाइल कंपन्यांकडे गेला आणि जुलै २०२० नंतर तिथे वायरलेस माइकला मनाई झाली. चांगले चालू असलेले हजारो माइक अशा निर्णयाने एका दिवसात निरुपयोगी होतात, आणि तेच पुढे स्वस्तात विकायला येतात.

फ्रिक्वेन्सी: सारखं अंतर ठेवू नका

नवखा माणूस फ्रिक्वेन्सी निवडताना पट्टीवर खुणा कराव्यात तशा सारख्या अंतरावर निवडतो: ५००.०, ५००.४, ५००.८ मेगाहर्ट्झ. दिसायला नीटनेटकं, पण चालायला घातक. दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्या मिश्रणातून नव्या, नको असलेल्या फ्रिक्वेन्सी तयार होतात. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. हिशेब सोपा आहे: एकीची दुप्पट करा आणि त्यातून दुसरी वजा करा. ५००.४ ची दुप्पट १०००.८, त्यातून ५००.० गेले की उरले ५००.८. म्हणजे पहिल्या दोन माइकनी मिळून तिसऱ्याच्याच जागेवर कचरा टाकला.

माइक वाढले की ही भेसळ किती झपाट्याने वाढते ते पाहा. दहा ट्रान्समीटर असतील तर दोन-दोनच्या जोड्यांतून अशा ९० आणि तीन-तीनच्या गटांतून आणखी ३६० फ्रिक्वेन्सी तयार होतात. हे हाताने मोजायचं काम नाही. शुअरचं वायरलेस वर्कबेंच किंवा सेन्हायझरचं वायरलेस सिस्टीम्स मॅनेजर यांसारखी सॉफ्टवेअर हा हिशेब करतात. काहीच हाताशी नसेल, तर निदान एका कंपनीच्या एकाच ग्रुपमधले (कंपनीने रिसीव्हरमध्ये एकत्र लावून दिलेले) चॅनल निवडा. ते आधीच पारखून ठेवलेले असतात. दोन वेगवेगळ्या ग्रुपमधले चॅनल मिसळू नका.

स्कॅन, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सी मोकळ्या आहेत याची रिसीव्हरने केलेली पाहणी, प्रत्यक्ष सभागृहात करा, आणि शक्यतो प्रयोगाच्या वेळेलाच. लाइट, एलईडी पडदा, व्हिडिओ, विंगेतले वॉकीटॉकी, सगळं चालू ठेवून करा. एलईडी पडदा पेटला की आजूबाजूचा रेडिओ लहरींचा गोंगाट किती चढतो, ते स्कॅनच्या आलेखात डोळ्यांनी दिसतं. दौऱ्यावर असाल तर प्रत्येक सभागृहात नव्याने स्कॅन हवा.

यानंतरची चाचणी बरेच जण गाळतात, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सगळे पॅक चालू करून रंगमंचावर एकमेकांपासून हात-दोन हात लांब मांडा. ढीग घालू नका, कारण पॅकला पॅक चिकटले की प्रयोगात कधीच होणार नाही अशी भेसळ होते. आता फक्त पहिला पॅक बंद करा आणि त्याच्या रिसीव्हरकडे पाहा. सिग्नलच्या पट्ट्या शून्यावर यायला हव्यात. पॅक बंद असूनही पट्ट्या हलत असतील, तर त्या जागेवर दुसरं कुणीतरी आहे; ती फ्रिक्वेन्सी बदला. पहिला चालू करा, दुसरा बंद करा, आणि असं शेवटपर्यंत जा. वीस मिनिटांचं काम आहे.

पॅकची ताकद कमी-जास्त करता येत असेल तर १० मिलिवॅटपासून सुरुवात करा. ताकद वाढवली की पोहोच थोडी वाढते, पण भेसळ त्याहून जास्त वाढते, आणि सेलही लवकर उतरतात.

अँटेना

रिसीव्हरचा रॅक मिक्सरजवळ, प्रेक्षागृहाच्या मागे ठेवायचा मोह होतो. तसं केलं तर माइक आणि अँटेना यांच्या मध्ये सगळे प्रेक्षक येतात. माणसाचं शरीर बहुतांशी पाणी, आणि पाणी हे सिग्नल गिळतं. रॅक विंगेत ठेवा आणि आवाज वायरने मिक्सरकडे न्या. किंवा मागेच ठेवायचा असेल तर अँटेना डोक्यांच्या वर, रंगमंच थेट दिसेल अशा उंचीवर लावा. सर्वांत जवळचा कलाकार अँटेनापासून तीन मीटर तरी लांब राहील असं पाहा.

दोन अँटेना असण्याचं कारण हे की भिंतींवरून परतलेला सिग्नल आणि थेट आलेला सिग्नल काही जागी एकमेकांना खोडतात. एका अँटेनाच्या जागी आवाज तुटला तरी दुसरीच्या जागी तो शाबूत असतो. पण दोन्ही एकमेकींना चिकटून लावल्या तर दोघींचा आवाज एकदमच तुटतो. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ५० सेंटिमीटर असते, तेव्हा निदान तेवढं अंतर ठेवा. मी दीड-दोन मीटर ठेवते. दोन्हींचा कोनही थोडा वेगळा ठेवा, कारण कलाकार वाकला, झोपला की पॅकची अँटेना आडवी होते.

वायर ५० ओहमचीच वापरा. टीव्हीची ७५ ओहमची नको. पातळ आरजी-५८ वायर ३० मीटरला या पट्ट्यात १० डेसिबलहून जास्त सिग्नल खाते. जाड एलएमआर-४०० तेवढ्याच अंतराला सुमारे ३ खाते. अँटेनाजवळचा बूस्टर वायरमधली ही घट भरून काढण्यापुरताच असतो. त्याहून जास्त वाढवलंत तर माइकबरोबर कचराही वाढतो.

मेकअप रूममध्ये

माइकसाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे कपाळाच्या वर, मधोमध, केस जिथे सुरू होतात ती रेषा. मान कुठेही वळली तरी माइक तोंडाबरोबरच वळतो, आणि तिथला आवाजही बराच नैसर्गिक असतो. छातीवरच्या माइकला हनुवटीची आडकाठी होते: ७०० हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतो, आणि शब्द स्पष्ट करणारा ३ ते ४ हजार हर्ट्झचा भाग कमी पडतो. शिवाय कलाकाराने डावीकडे पाहिलं की आवाजही डावीकडे निघून जातो. रंगमंचावर छातीवरचा माइक मी नाइलाज असेल तरच लावते.

लावण्याचा क्रम असा. केसांवर स्प्रे मारायचा असेल तर तो आधी मारून घ्या. कॅप्सूलच्या तोंडाशी सुईच्या अग्रापेक्षा बारीक छिद्रं असतात आणि स्प्रेने ती कायमची बुजतात. नंतर स्प्रे मारणं भागच असेल, तर तेवढा वेळ माइकच्या डोक्यावर कागदाची घडी धरा. माइकच्या वायरवर डोक्यापासून दोन बोटं मागे बारीक इलॅस्टिकचा फास बांधा आणि त्यात केसांची छोटी चपटी क्लिप ओवा. असे दोन-तीन फास थोड्या थोड्या अंतरावर हवेत. पहिली क्लिप कपाळावर, केसांच्या मुळाशी दाबून बसवा. माइकचं डोकं केसांच्या रेषेखाली अर्धा सेंटिमीटरभर डोकावू द्या. वायर भांगातून मागे नेऊन वरून केस घ्या, आणि क्लिपा लावत मानेपर्यंत आणा.

मान ही नाजूक जागा. तिथली त्वचा स्पिरिटने पुसून कोरडी करा. कलाकाराला हनुवटी छातीला टेकवायला सांगा, मग डावी-उजवीकडे पूर्ण वळायला सांगा, आणि तेवढी ढील सोडून पारदर्शक सर्जिकल टेपने वायर चिकटवा. ढील कमी पडली तर पहिल्याच नाचात माइक केसांत वर खेचला जातो. जास्त झाली तर कॉलरवर फास दिसतो. विग असेल तर माइक विगच्या टोपीवर लावा आणि विग त्यावर चढवा. विगलाच माइक शिवून टाकला, तर तो विग दुसऱ्या कोणाला देता येत नाही आणि बिघडलेली वायर मध्यंतरात बदलता येत नाही.

डोक्यावर केसच नसतील तर कानामागे बसणाऱ्या तारेच्या आकड्यावर, गालाच्या दिशेने. चष्मा असेल तर चष्म्याच्या दांडीवर. टोपी किंवा फेटा ही खरी अडचण आहे, कारण टोपीच्या काठाखाली आवाज आपटून परत येतो आणि बोलणं डब्यातून आल्यासारखं वाटतं. टोपीचा प्रवेश मोठा असेल तर त्या कलाकाराचा माइक गालावरच घ्या. वायरचा रंग त्वचेच्या किंवा केसांच्या रंगाशी जुळत नसेल तर मार्करने रंगवता येतो. डोक्याच्या जाळीला मात्र रंग लागू देऊ नका.

घामाबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण प्रयोगात मेलेल्या माइकपेक्षा बुडालेले माइक जास्त असतात. घामाचा थेंब कपाळावरून किंवा वायरवरून घरंगळत कॅप्सूलच्या जाळीवर बसतो आणि आवाज एकदम पाण्याखाली गेल्यासारखा होतो. माइकच्या डोक्याच्या जरा मागे वायरवर दोऱ्याचे चार-पाच वेढे देऊन छोटं कडं करा. थेंब तिथेच अडतो. तरीही माइक बुडाला तर कलाकार विंगेत येताच टिश्यूचं टोक जाळीला अलगद टेकवा, थेंब शोषला जातो. माइकच्या डोक्यावरची टोपी निघत असेल तर ती बदलून कोरडी लावा. दाबाच्या हवेचा डबा थेट कॅप्सूलवर मारू नका, कॅप्सूलच्या आतला पातळ पडदा फाटतो.

पॅक कमरेच्या मागे, इलॅस्टिकच्या पट्ट्याच्या खिशात. जमिनीवर लोळायचं असेल तर कमरेच्या बाजूला किंवा मांडीवर. पॅकची अँटेना सरळ आणि मोकळी राहायला हवी. ती गुंडाळली, ओल्या त्वचेला चिकटली किंवा माइकच्या वायरीत अडकली तर पोहोच झपाट्याने घटते. घामापासून पॅक वाचवायला वंगण नसलेला कंडोम चढवतात. जगभरच्या रंगभूमीवर हा रुळलेला उपाय आहे आणि त्यात संकोचण्यासारखं काही नाही. पॅकचं बटण लॉक करा, म्हणजे विंगेत कोणी तो चुकून बंद करणार नाही.

हे सगळं करताना तुम्ही कलाकाराच्या अंगाला हात लावत असता. आधी विचारा, काय करणार ते सांगा, आणि प्रत्येक प्रयोगाला शक्यतो तोच माणूस माइक लावेल असं ठरवा. प्रयोगाआधीच्या त्या पाच मिनिटांत कलाकार भूमिकेत शिरत असतो. तिथे घाई आणि बडबड नको.

लेव्हल आणि इक्वलायझर

पॅकवरचा गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते) "हॅलो, एक-दोन-तीन" म्हणून लावू नका. सर्वांत मोठ्याने किंचाळण्याचं वाक्य किंवा गाण्यातली सर्वांत चढी ओळ पूर्ण जोशात म्हणायला सांगा आणि तेव्हाही लाल दिवा लागणार नाही इथवर आणा. पॅकमध्येच आवाज फाटला तर मिक्सरवर फेडर खाली घेऊन काहीच साधत नाही. रंगीत तालमीला कलाकार चढतातच, तेव्हा त्या दिवशी पुन्हा तपासा.

मिक्सरवर प्रथम लो-कट (अगदी खालच्या खर्जाचे आवाज कापणारा फिल्टर), १०० ते १२० हर्ट्झच्या आसपास. कपड्यांची घास आणि पावलांची धपधप तिथे जाते. मग शिट्टीचा बंदोबस्त. माइक कलाकाराच्या डोक्यावर, कलाकार रंगमंचावर, अशाच स्थितीत फेडर हळूहळू वाढवा आणि जिथे शिट्टी वाजू लागते ती फ्रिक्वेन्सी अरुंद पट्ट्याने कापा. तीन-चार ठिकाणी कापून झालं की थांबा; आणखी कापत गेलात तर आवाजाचा जीव जातो. त्यानंतरही शिट्टी येत असेल तर दोष स्पीकरच्या जागेत आहे. मुख्य स्पीकर माइकच्या पुढे हवेत, आणि रंगमंचावरच्या मॉनिटरमध्ये (कलाकारांना ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) याच माइकचा आवाज शक्यतो पाठवू नका.

स्पीकरना थोडा डिले द्या, म्हणजे त्यांचा आवाज जरा उशिरा सोडा. कानाला जो आवाज आधी पोहोचतो त्या दिशेने तो आला असं वाटतं. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये हे मांडलं. कलाकाराचा स्वतःचा आवाज प्रेक्षकापर्यंत आधी पोहोचला आणि स्पीकरचा त्यानंतर पाच-दहा मिलिसेकंदांनी, तर आवाज कलाकाराच्या तोंडातूनच आल्यासारखा वाटतो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, त्यावरून हिशेब करा. नाटकाच्या साउंडमध्ये इतक्या कमी कष्टात इतका फरक पाडणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

प्रयोगात: ओळीमागे फेडर

उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. आठ माइक उघडे ठेवून एकच जण बोलत असेल, तर ९ डेसिबल फुकट घालवलेत आणि सात जणांचे श्वास प्रेक्षकांना ऐकवलेत. म्हणून संहिता समोर ठेवून, जो बोलतोय त्याचाच फेडर वर, असं मिक्स करतात. मिक्सरमध्ये डीसीए गट (अनेक चॅनल एका फेडरने हलवायची सोय) असतील तर प्रत्येक प्रवेशात बोलणारे आठ जण आठ फेडरवर येतील अशी दृश्यं (मिक्सरच्या जतन केलेल्या मांडण्या) भरून ठेवा, म्हणजे हात फार लांब न्यावा लागत नाही. याची तालीम कलाकारांइतकीच लागते. ऑपरेटर रंगीत तालमीच्या दिवशी पहिल्यांदा संहिता पाहत असेल तर ओळींच्या सुरुवाती तुटणारच.

दोन कलाकार मिठी मारतात किंवा तोंडाला तोंड लावून भांडतात, तेव्हा एकाचा आवाज दोन्ही माइकमध्ये शिरतो. दोन माइकच्या अंतरात ३४ सेंटिमीटरचा फरक असेल तर दुसरा आवाज एक मिलिसेकंद उशिरा येतो आणि ५०० हर्ट्झला खड्डा पडतो. त्याच्या वर आणखी खड्डे. आवाज पोकळ होतो. अशा वेळी एकच माइक उघडा ठेवा, तो दोघांनाही पुरतो. कोणाचा ठेवायचा ते तालमीत ऐकून संहितेत लिहून ठेवा.

विंगेतला माइक सांभाळणारा माणूस हेडफोन लावून, पुढच्या प्रवेशात येणाऱ्या प्रत्येकाचा माइक एंट्रीच्या आधी ऐकून घेतो. खरखर, घाम, सैल कनेक्टर तिथेच पकडले जातात. आणि आवाज तुटलाच तर काय करायचं, हे आधी ठरलेलं असू द्या. राखीव पॅक मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर, चालू करून, मिक्सरवर म्यूट केलेला तयार हवा. शेजारी उभ्या सहकलाकाराचा माइक जरा वर घेऊन प्रवेश पार पाडता येतो. कलाकारालाही सांगून ठेवा की माइक गेला तर आवाज चढवायचा, पण थांबायचं नाही आणि कपाळाकडे हात न्यायचा नाही.

सेल, आणि प्रयोगानंतर

कालचे सेल अर्धे उरले असले तरी प्रत्येक प्रयोगाला पूर्ण भरलेले सेलच घाला. बहुतेक पॅक दोन पेन्सिल सेलवर सहा ते आठ तास चालतात, पण तालीम धरली तर तेवढा वेळ सहज निघून जातो. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल किफायतशीर आहेत. मात्र ते १.२ व्होल्टचे असतात, साधे अल्कलाइन १.५ चे. पॅकच्या मेनूमध्ये सेलचा प्रकार बदला, नाहीतर मीटर चुकीचं दाखवतं. आणि हे रिचार्जेबल सेल शेवटपर्यंत ताठ राहून अचानक मान टाकतात, त्यामुळे मीटरवर विसंबू नका. सेलच्या जोड्यांना क्रमांक द्या आणि जोडी फोडू नका.

प्रयोग संपल्यावर सेल काढा, वायर ओलसर मऊ कापडाने मानेपासून टोकापर्यंत पुसा, कॅप्सूलला पाणी लागू देऊ नका. वायर सैल वेढ्यांत गुंडाळून कलाकाराच्या नावाच्या पिशवीत ठेवा. ज्या माइकने आज एकदाही खरखर केली, त्याला लगेच टेपची खूण करून बाजूला काढा आणि वहीत लिहा: कोणता माइक, कोणता प्रवेश, काय ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कनेक्टरजवळ वाकवून, हलवून पाहिला की तुटलेली तार बहुधा तिथेच सापडते.